दांडेलीचा लाकूड डेपो, कळकाचे काटे आणि माझ्या फॉर्ममधला एक रकाना

दांडेलीला तुम्ही बहुतेक जाऊन आला असाल. कोल्हापुरातून शनिवारी पहाटे निघायचं, बेळगावात नाश्ता, दुपारी काळी नदीत राफ्टिंग, रात्री शेकोटी, रविवारी परत. माझ्या वर्गातले निम्मे लोक तरी असे जाऊन आलेत. आणि तुम्हाला पक्ष्यांची आवड असेल, तर तिथल्या कुणीतरी तुम्हाला पहाटे एका भलत्याच ठिकाणी नेलं असेल: वनखात्याच्या लाकूड डेपोत.

हे ठिकाण बघितल्यावर पहिल्यांदा हसू येतं. चारी बाजूंना सागाचे ओंडके रचून ठेवलेले, प्रत्येकावर नंबर आणि हातोड्याचा शिक्का. मध्ये मध्ये जुनी, उंच, तोडायची राहून गेलेली झाडं. आणि त्या झाडांवर धनेश! मोठ्या पिवळ्या चोचीचे, पंखांचा आवाज करत उडणारे कवड्या धनेश. कापलेल्या जंगलाच्या गोदामात जिवंत जंगलाचा सगळ्यात दिमाखदार पक्षी बघायला लोक कॅमेरे घेऊन उभे असतात.

मी तिथे पक्षी बघायला गेले नव्हते. माझी पीएच.डी. बांबूवर आहे. तोडलेल्या बेटातून नवे कोंब किती येतात, किती जगतात, एवढाच साधा प्रश्न. पण तीन हंगाम त्या भागात हिंडल्यावर लक्षात आलं की ज्या जंगलात मी बांबू मोजतेय ते 'नैसर्गिक' वगैरे नाहीये. ते कुणीतरी आधी मोजलेलं, तोडलेलं, परत लावलेलं, परत मोजलेलं जंगल आहे. त्यामुळे आजची पोस्ट विज्ञानाची कमी आणि इतिहासाची जास्त आहे. शेवटी मात्र माझ्या संशोधनातली एक चूक कबूल करायची आहे. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

जंगल कुणाचं? देवाचं

दांडेली हे नाव दांडेलप्पा या स्थानिक देवावरून आलं असं तिथे सांगतात. आज दांडेली पेपर मिलचं गाव आहे, तिथे बाजारपेठ आहे, सिनेमाची पोस्टरं आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी ते घाटमाथ्यावरच्या दाट जंगलातलं एक लहानसं ठिकाण होतं. लाकडासाठी लोक यायचे म्हणून ते होतं. तालुक्याचं गाव होतं सुपा, तेही छोटंच. आणि आजूबाजूला विखुरलेल्या कुणबी, गवळी, सिद्दी लोकांच्या वाड्या. कुणब्यांची बोली कोकणीकडे झुकणारी, धनगर गवळ्यांची मराठी, सिद्दींची दोन्ही आणि वर कन्नड. आपल्या सीमाभागात असतं तसंच.

१७९९ मध्ये टिपू पडला आणि कानडा मुलूख कंपनीकडे आला. त्यानंतर लगेच, १८०१ मध्ये, फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर कंपनीच्या सांगण्यावरून हा प्रदेश बघत फिरला. कारवारच्या बाजूला त्याला लोकांनी सांगितलं की इथली जंगलं गावदेवाची आहेत, आणि झाड तोडायचं तर गावच्या गौडाची परवानगी लागते, कारण तो देवाचा पुजारी. परवानगीला पैसे पडत नाहीत, पण विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. बुकाननने हे लिहून ठेवलं आणि सोबत आपलं मतही दिलं: सरकारने जंगलावर हक्क सांगू नये म्हणून केलेली ही युक्ती आहे.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बुकानन काही ढिसाळ माणूस नव्हता. त्याच्या नोंदी आजही वनस्पतिशास्त्रात वापरल्या जातात. त्याने नियम ऐकला, अचूक टिपला, आणि 'सबब' या सदरात टाकून दिला. पुढची दीडशे वर्षं या भागात वेगवेगळ्या लोकांनी हेच केलं. आणि मीही केलं, पण ते शेवटी.

साग, जहाजं आणि कुमरी

कंपनीला साग हवा होता जहाजांसाठी. इंग्लंडातला ओक संपत आलेला, आणि साग पाण्यात कुजत नाही, वाळवी लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याचं लाकूड मलबारचं. पण मलबारचा चांगला साग कमी होत गेला तशी नजर उत्तरेला कानड्याकडे वळली.

१८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. मद्रास इलाख्यात १८५६ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न आला, आणि कानडा तेव्हा मद्रासकडे असल्यामुळे सुपा-दांडेलीची जंगलं त्याच्या अखत्यारीत. दोघेही डॉक्टर, दोघेही वनस्पतिशास्त्राचे वेडे. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झालीच होती. आता स्लीपरसाठी लाकूड लागायला लागलं, आणि ठेकेदार दिसेल ते पाडत होते. क्लेगहॉर्नला याची खरीखुरी काळजी होती. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही.

मात्र त्याचा सगळ्यात जास्त राग होता कुमरीवर. कुमरी म्हणजे फिरती शेती. डोंगरउतारावरचा एक तुकडा उन्हाळ्यात तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, एक-दोन पिकं घ्यायची आणि पुढची काही वर्षं तो तुकडा सोडून द्यायचा. तोडलेल्या खोडांना परत फुटवे येतात, बांबू येतो, हळूहळू रान परत उभं राहतं. आपल्याकडेही सह्याद्रीच्या उतारावर हे चालायचं. इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी: कुमरी नेहमीच निरुपद्रवी असते असं नाही. परत त्याच तुकड्यावर यायला पुरेशी वर्षं दिली नाहीत तर माती धुपते, झाडं येत नाहीत. प्रश्न पद्धतीचा कमी आणि फेऱ्याच्या वर्षांचा जास्त असतो.

पण १८६० मध्ये मद्रास सरकारने परवानगीशिवाय कुमरी करायला बंदी घातली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि मुंबईने तोच फास हळूहळू आवळत नेला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल, संरक्षित जंगल अशी वर्गवारी आली, आणि पिढ्यानपिढ्या ज्या रानात लोक नाचणी पेरत होते तिथे पाऊल टाकणं हा गुन्हा झाला.

आता गंमत बघा. याच सुमारास, याच साम्राज्यात, ब्रह्मदेशात डीट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन वनाधिकारी तिथल्या करेन लोकांकडून त्यांच्या फिरत्या शेतीतच साग लावून घेत होता. भाताबरोबर सागाची रोपं, शेत सोडलं की मागे सागाचं वन तयार. तिथे तिला 'टाँग्या' म्हणायचे आणि ती शास्त्रीय पद्धत म्हणून जगभर शिकवली गेली. तीच शेती, तीच राख. एका ठिकाणी ती गुन्हा, दुसऱ्या ठिकाणी वनशास्त्र. फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी शेवटी साग सरकारला मिळत होता.

वस्ती कशी होती?

कुमरी बंद झाल्यावर माणसं खाणार काय? मजुरी. आणि मजुरी कुठे? कूपात. 'कूप' म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा आखलेला तुकडा. हा शब्द आजही आपल्या वनखात्यात सर्रास चालतो. अशा प्रकारे दांडेलीच्या आसपास लाकूडतोडीची वस्ती वाढत गेली.

काम कसं चालायचं ते थोडं सांगते, कारण त्यातूनच वस्तीचा स्वभाव कळतो. आधी रेंजर किंवा गार्ड येऊन झाडं निवडायचा. निवडलेल्या झाडाची साल तासून तिथे हातोड्याचा शिक्का मारायचा, एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्याशी. बुंध्याशी का? तर झाड गेल्यावरही खुंटावर शिक्का राहतो, आणि ठेकेदाराने परवानगीचंच झाड पाडलं की नाही हे तपासता येतं. मग कुऱ्हाडी, करवती. पडलेलं झाड छाटून ओंडका करायचा, बैल किंवा रेडे जुंपून ओढत रस्त्याला आणायचा, तिथून गाडीने डेपोत. डेपोत पुन्हा मोजणी, पुन्हा नंबर, मग लिलाव.

आणि रस्ते नव्हते तेव्हा? तेव्हा नदी. काळी नदी याच तालुक्यात, डिग्गीजवळ उगम पावते आणि १८० च्या आसपास किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. पाणी चढलं की लाकूड नदीतून खाली कारवारकडे जायचं. इथे एक छोटी अडचण आहे. नुकताच तोडलेला ओला साग पाण्यावर तरंगत नाही, बुडतो. त्यामुळे दक्षिणेतल्या नद्यांवर सागाच्या ओंडक्यांना बांबूच्या मोळ्या बांधायचे, म्हणजे पोकळ बांबू ओंडक्याला वर धरून ठेवतो. सागाच्या हिशेबात बांबूची किंमत बहुधा शून्य असायची. पण तो नसता तर सागही समुद्रापर्यंत पोचला नसता.

पुढे दक्षिण मराठा रेल्वे आली, अळणावर-लोंढा भागात रूळ आले, आणि १९१९ मध्ये अळणावरपासून दांडेलीपर्यंत साधारण २५ किलोमीटरचा खास फाटा निघाला. प्रवाशांसाठी नव्हे, वनखात्याच्या लाकडासाठी. नकाशात बघा, हा फाटा दांडेलीपाशी जंगलाच्या तोंडाशी येतो आणि थांबतो. गावं जोडणारी लाईन अशी मध्येच संपत नाही. ही लाईन माल उचलायला आलेली होती.

एवढं सगळं असूनही १९४० पर्यंत दांडेली मोठं गाव झालं नाही. याचं उत्तर जंगलात नाही, डासात आहे. घाटमाथ्यावरचा हा पट्टा मलेरियासाठी कुप्रसिद्ध होता. 'ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस' हा डास डोंगरातल्या संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांत वाढतो, आणि असे ओढे तिथे पावलोपावली. त्यामुळे बाहेरचे मजूर पाऊस सरल्यावर यायचे आणि पुढचा पाऊस लागायच्या आत निघून जायचे. सरकारी नोकरांना इथली बदली म्हणजे शिक्षा. म्हणजे ही वस्ती अर्धं वर्ष भरायची आणि अर्धं वर्ष ओस पडायची. बाराही महिने राहणारे फक्त तिथलेच, कुणबी, गवळी, सिद्दी. आणि त्यांचीच कुठल्याही रजिस्टरात 'वस्ती' म्हणून नीट नोंद नसायची, कारण कागदोपत्री ते राखीव जंगलातले अतिक्रमण करणारे होते!

दहा वर्षांत सगळं बदललं

दुसरं महायुद्ध संपता संपता मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी डीडीटी फवारणीची मोठी मोहीम सुरू केली. ती सुरू झाली कानडा आणि धारवाड या दोन जिल्ह्यांत. भारतातल्या मलेरियाविरोधी लढ्यात ही मोहीम मैलाचा दगड मानली जाते. घरोघरी भिंतींवर फवारणी झाली आणि काही वर्षांत मलेरिया झपाट्याने खाली आला. माणसांचे जीव वाचले, त्यात वादच नाही. पण त्याबरोबर जंगलाभोवतीचं एक अदृश्य कुंपणही गेलं. आता बाहेरचा माणूस इथे बाराही महिने राहू शकत होता.

मग फार वेळ लागला नाही. १९५५ मध्ये वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची स्थापना झाली. कागदासाठी बांबू इथलाच, पाणी काळी नदीचं. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे वर्षाच्या अंतराने एकाच जंगलाला गिरणीही मिळाली आणि संरक्षणही. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही. जंगलाच्या दृष्टीने सांगायचं तर मालक बदलला, हिशेबाची पद्धत तीच राहिली.

कळकाचे काटे

आता माझ्या विषयाकडे येते. गिरणीला सरकारने बांबू दिला तो टनाला सुमारे दीड रुपया या दराने. चूक वाचलं नाहीत, दीड रुपया. त्याच वेळी बुरूड, चटया विणणारे, टोपल्या करणारे लोक बाजारातून बांबू घेत होते तो याच्या कित्येक पटींनी महाग. एवढा स्वस्त का? कारण कागदोपत्री बांबू 'अमर्याद' होता. वनखात्याच्या दृष्टीने तो जवळपास तणच, सागाच्या लागवडीत अडथळा. किती आहे याचा अंदाज केला होता, पण तो प्रत्यक्षापेक्षा फार जास्त निघाला.

१९७० च्या दशकात बांबू आटायला लागला. बुरुडांनी आवाज उठवला की गिरणी आमचा बांबू खातेय. गिरणी म्हणाली, गावकरी आणि त्यांची गुरं नासधूस करतात. १९७५ मध्ये कर्नाटक सरकारने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नुकतेच रुजू झालेले माधव गाडगीळ यांना यात लक्ष घालायला सांगितलं. गाडगीळ आणि एस. नरेंद्र प्रसाद यांनी त्या जंगलात जे काम केलं ते बांबूवर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं. मीही एम.एस्सी.ला असताना वाचलं होतं. वाचलं होतं, हे लक्षात ठेवा.

काटेरी कळकाचं बेट तुम्ही पाहिलंय का? खालच्या पेरांतून काटेरी फांद्या निघून एकमेकांत अडकतात आणि बुंध्याभोवती माणसाच्या उंचीपर्यंत जाळी तयार होते. हात घालायची सोय नाही. वनखात्याने काय केलं? ही जाळी साफ करायची मोहीमच काढली. तर्क असा की बेट मोकळं झालं की नवे कोंब सरळ आणि भरपूर येतील, आणि तोडणाऱ्यांनाही सोपं जाईल. कामाच्या नियोजनात तसं लिहिलेलं, मजूर लावलेले, पैसे खर्च केलेले.

गावातले लोक म्हणत होते, असं करू नका. जाळी काढली की बेट मरतं.

आता जीवशास्त्र बघू. बांबूची काठी दरवर्षी जाड होत नाही. जमिनीखालच्या कंदातून पावसाळ्यात कोंब निघतो आणि दोन-तीन महिन्यांत तो आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो फक्त टणक होतो. म्हणजे बेटाचं सगळं भविष्य त्या पावसाळ्यातल्या कोवळ्या कोंबांवर. आणि कोवळा कोंब म्हणजे जंगलातला सगळ्यात चविष्ट पदार्थ. वानर, साळिंदर, गुरं, माणूस, सगळ्यांना आवडतो. (आपल्या कोकणातली वास्त्याची भाजी आठवा.) ती काटेरी जाळी म्हणजे या कोंबांचं कुंपण. ते काढल्यावर कोंब वर यायच्या आत खाल्ले जात होते. गाडगीळांच्या चमूने प्रत्यक्ष तुलना करून बघितली, आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. जाळी साफ करण्याची पद्धत चुकीची होती.

तोपर्यंत बरीच बेटं गेली होती. गिरणीला बांबू दूरदूरून आणावा लागायला लागला. त्याला पर्याय म्हणून घाटात सदाहरित जंगल साफ करून निलगिरी लावली, तर जास्त पावसाच्या भागात तिला बुरशीचा गुलाबी रोग लागला आणि बऱ्याच लागवडी वाया गेल्या. जंगलही गेलं, कागदही नाही.

हे सगळं चाललं असताना काळीवर धरणं झाली. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुनं सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला हललं, आणि उठवलेली कुटुंबं रामनगरला आली. कोल्हापूरहून गोव्याला अनमोड घाटाने जाताना आपण चहाला थांबतो ना, तेच रामनगर. पुढच्या वेळी थांबलात की हे आठवा. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यात शिरसीकडे लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली. ते 'अप्पिको' आंदोलन. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घाटातली हिरवी झाडं तोडण्यावर निर्बंध आले. २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. कुऱ्हाड थंडावली, रिसॉर्ट आले. ज्या मजुरांच्या वाडवडिलांनी कूपात काम केलं, त्यांची नातवंडं आता राफ्टिंगचे गाईड आहेत, जीप चालवतात, पाहुण्यांना धनेश दाखवतात.

धनेशांवरूनही एक गोष्ट. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला भरवतो. ढोली लागते म्हणजे म्हातारं, पोकळ, मोठं झाड लागतं. वनखात्याच्या जुन्या हिशेबात असं झाड म्हणजे 'सदोष'. ते काढून टाकायचं, म्हणजे चांगल्या सागाला जागा. कुठल्याही रजिस्टरात 'ढोल्या: इतक्या' असा रकाना नव्हता.

माझा रकाना

आता ती कबुली.

माझ्या फील्ड फॉर्ममध्ये प्रत्येक बेटासाठी काही रकाने आहेत: काठ्या किती, नवे कोंब किती, मेलेले किती. आणि शेवटचा रकाना 'मानवी हस्तक्षेप: आहे / नाही'. कुठे कोयत्याची खूण दिसली की 'आहे' वर टिक. असा रकाना आमच्या क्षेत्रात जवळपास सगळेच ठेवतात. मीही कुणाच्या तरी फॉर्मवरून घेतला, विचार न करता.

दुसऱ्या हंगामात माझ्याबरोबर एक वयस्कर गवळी मामा वाट दाखवायला यायचे. एका बेटापाशी मी टिक केली. ते बराच वेळ बघत होते.

"पोरी, हितं काय लिवतीस?"

"मामा, कुणी तोडलं असलं की इथं खूण करायची."

"म्हंजे वंगाळ केलं असं लिवायचं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ते वाकले आणि कोयत्याच्या टोकाने मला दाखवायला लागले. "ह्ये मी तोडलंय, गेल्या साली. बघ कुठं तोडलंय. काट्याच्या वर. खालची जाळी हात लावलेली न्हाई. आन् जून काठी काढलीया, कवळी ठिवलीया. जून तशीच ठिवली तर आत गर्दी हुती." मग दहा-बारा पावलांवरच्या दुसऱ्या बेटाकडे बोट. "त्ये बघ. ते बुडातनं कापलंय. त्ये आमचं न्हवं." तिथे जाळी नव्हती. एकही नवा कोंब नव्हता. माझ्या फॉर्मवर दोन्ही बेटांपुढे एकसारखी टिक होती.

मला अक्षरशः घाम फुटला. गाडगीळांचं काम मी वाचलं होतं, त्यावर सेमिनार दिला होता, काट्यांची गोष्ट विद्यार्थ्यांना रंगवून सांगितली होती. आणि माझ्याच फॉर्ममध्ये मी जून काठी जाळीच्या वर कापणारा माणूस आणि बेट बुडातून साफ करणारा ठेकेदार यांना एकाच रकान्यात बसवलं होतं. बुकाननने गौडाचा नियम 'सबब' म्हणून टाकला, क्लेगहॉर्नने कुमरी 'नासधूस' म्हणून, आणि मी कोयत्याची खूण 'हस्तक्षेप' म्हणून. त्या दोघांना निदान आधीचं काही वाचायला मिळालं नव्हतं.

परत आल्यावर मी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग दोन हंगामांचा डेटा परत बघावा लागेल." बघावा लागला. प्रत्येक बेटापाशी परत जाऊन एका रकान्याचे चार केले: काप किती उंचीवर, काठी जून की कोवळी, काटेरी जाळी शाबूत की काढलेली, आणि कापणारा कोण (माहीत असल्यास). माझा प्रबंध यामुळे एक वर्ष पुढे गेला. फेलोशिप एक वर्ष पुढे जात नसते, हे इथे फक्त नमूद करून ठेवते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्या शेवटच्या रकान्यात 'कापणारा कोण' याचं उत्तर मामांनी मला विश्वासाने सांगितलं. व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास बांबू कापणं ही आजही कायद्याच्या कचाट्यात सापडायची गोष्ट आहे. माझा फॉर्म उद्या कुणी बघितला तर त्या माहितीचं काय होईल? म्हणून मी आता तिथे माणसाचं, वाडीचं नाव लिहीत नाही. फक्त अक्षर लिहिते, आणि अक्षरांची यादी कुठल्याही फाईलमध्ये नाही. शास्त्राच्या नियमात हे कितपत बसतं यावर आमच्या विभागात वाद झाला. माझं मत ठरलं आहे. जंगलाच्या नोंदवहीत नाव आल्यामुळे या लोकांचं आजवर कधी भलं झालेलं नाही.

पुढच्या वेळी दांडेलीला गेलात तर डेपोत धनेश जरूर बघा. मग जरा खाली, ओंडक्यांकडेही बघा. प्रत्येकावर नंबर आहे, शिक्का आहे, घेर-लांबीचा हिशेब आहे. आणि डेपोतून परत येताना रस्त्याकडेला कळकाचं बेट दिसलं तर गाडी थांबवून बुडाशी बघा: जाळी शाबूत आहे का? असेल, तर पावसाळ्यात तिथे कोंब असतील.

पुढच्या पोस्टमध्ये बांबूचा फुलोरा: चाळीसेक वर्षांनी एकदाच फुलून सगळं बेट एकदम का मरतं, आणि त्या वर्षी उंदरांची चंगळ का होते, ते सांगेन. तोवर, तुमच्या गावाकडे बांबू कसा आणि कधी तोडतात, अमावास्येला की पौर्णिमेला, जून की कोवळा, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा.